कौलांपर्यंत भिंत

तलासरीच्या नाक्यापासून जवळच माझं ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नसराईत डीजेवाले जळलेले ॲम्प्लिफायर आणि फाटके स्पीकर आणून टाकतात, आणि प्रत्येकाला ते संध्याकाळच्या हळदीआधी हवे असतात. वीसेक वर्षं हे काम करून या मंडळींबद्दल माझं मत काही चांगलं राहिलेलं नाही. त्यांना मोठा आवाज कळतो, खोल आवाज कळत नाही. छातीवर धपाधप बसलं की ते खूश. खोल आवाज त्याच्या पुष्कळ खाली असतो. तिथे कानाचं काम जवळजवळ संपतं आणि पायाच्या तळव्यांना, पोटाला, बसलेल्या खुर्चीला कळायला लागतं. असा आवाज मी पहिल्यांदा बोर्डीला ऐकला आणि माझी बुद्धी फिरली. पुढे जे झालं त्याचा दोष मी त्या आवाजाला देत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बोर्डीला एका चिकूच्या वाडीत जुना बंगला होता. मालक बरीच वर्षं परदेशात राहून आलेले, वयस्कर, गाण्याचे वेडे. त्यांना छतात चार मोठे स्पीकर बसवून हवे होते, आणि सुतारकाम आणि वायरिंग दोन्ही जमणारा माणूस त्यांना आसपास दुसरा मिळेना. त्यांनी मला समोर बसवून सगळं नीट समजावलं. स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा पुढची हवा ढकलतो आणि त्याच क्षणी मागची हवा ओढतो. हे दोन आवाज एकमेकांना भेटले की एकमेकांना खाऊन टाकतात, हाती काही उरत नाही. म्हणून स्पीकर पेटीत बंद करायचे. पण पेटी लहान असली की आत कोंडलेली हवा पडद्याला मोकळं हलू देत नाही आणि आवाज खाली उतरत नाही. यावरचा उपाय म्हणजे पेटीच करायची नाही. स्पीकर छतात किंवा भिंतीत बसवायचे, त्यांच्या पुढे बसायची खोली, मागे अख्खा माळा नाहीतर दुसरी खोली, आणि दोघांच्या मधे सुईएवढीही फट ठेवायची नाही. याला इन्फिनिट बॅफल म्हणतात, म्हणजे जिला शेवट नाही अशी आडभिंत.

काम पुरं झालं त्या दिवशी त्यांनी कुठल्याशा चर्चमधल्या प्रचंड ऑर्गनचं रेकॉर्डिंग लावलं. त्यातला खालचा सूर कधी सुरू झाला ते मला कळलंच नाही. खोली अचानक मोठी झाल्यासारखी वाटली आणि डोळ्यांत पाणी आलं. मी डोळे पुसले आणि वायरिंग बघायला माळ्यावर गेलो, कारण परक्या घरात रडायचं म्हणजे जरा अतीच. घरी येताना बसमध्ये मी आमच्या खोलीचं माप मनातल्या मनात काढत होतो.

आमचं घर तलासरी आणि डहाणूच्या मधल्या, डोंगराकडच्या एका पाड्यात आहे. सागाच्या खांबांवर कौलांचं छप्पर आणि आत कुडाच्या भिंती, म्हणजे कारवीच्या काठ्या विणून दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपलेली. पुढच्या खोलीत मी आणि मागच्या खोलीत माझी थोरली बहीण. तिला मी बाय म्हणतो. मी सात वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून मला तिनेच वाढवलं. त्यापायी तिचं लग्न उशिरा झालं, आणि नवरा फार काळ जगला नाही. परत आली ती याच मागच्या खोलीत राहिली. माझं लग्न झालं आणि मोडलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. घरात आम्ही दोघंच. मधला कुड माणसाच्या डोक्याहून जरा उंच, आणि त्याच्या वर कौलांपर्यंत सगळं मोकळं. आमच्याकडच्या जुन्या घरांत असंच असतं. चुलीचा धूर, सुक्या बोंबलाचा वास, बोलणं, खोकणं, सगळं वरून इकडून तिकडे जातं. आम्ही आपापल्या खोलीत पडून कुडावरून बोलायचो. ती तिकडून विचारायची, उद्या काय करू, आणि मी इकडून सांगायचो, कर काहीही.

जमीन हादरायला लागून आमच्याकडे आता काही वर्षं झाली. आधी जमिनीच्या पोटातून सुरुंग उडाल्यासारखा आवाज येतो, मग भांडी वाजतात, कौलं सरकतात आणि चार-पाच सेकंदांत सगळं थांबतं. कधी आठवड्यात दोनदा, कधी महिना-महिना काही नाही. सुरुवातीला लोक अंगणात ताडपत्रीखाली राहिले, मग कंटाळून आत गेले. पण एक सवय सगळ्यांच्या अंगात मुरली. आवाज आला की हातातलं टाकायचं आणि बाहेर पळायचं. विचार करायचा नाही, चप्पल शोधायची नाही. यात बाय सगळ्या पाड्यात पहिली. तिने फडताळावर स्टीलचे तीन ग्लास एकावर एक उपडे रचून ठेवलेले असायचे. जमीन जराशी हलली तरी वरचा ग्लास खाली, आणि तो पडून गडगडेपर्यंत बाय अंगणात. तिथून ती मला हाका मारायची, "ये रे बाहेर." मी दिसेपर्यंत हाका थांबायच्या नाहीत. एकदा मी आंघोळ करत होतो, तर अख्ख्या पाड्यासमोर तिने मला टॉवेलवर बाहेर काढलं. मी चिडलो होतो. ती म्हणाली, लाज गेली तर परत येते.

अशा ठिकाणी घरात खोल आवाजाचं यंत्र बसवायचं कोणाच्या डोक्यात येईल? माझ्या आलं. मी माप घेतलं तर बायची खोली स्पीकरच्या मागच्या हवेसाठी अगदी हवी तेवढी निघाली. तिला विचारलं, तर तिला त्यातलं काही कळलं नाही आणि तिने हो म्हटलं. तिने मला आयुष्यात कशाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि मी त्याचा कायम फायदा घेतला.

कुडाची भिंत या कामाला निकामी. ती हलकी, जरा आवाज चढला की स्वतःच घुमते. मला जड, ताठ भिंत हवी होती, आणि ती थेट कौलांपर्यंत, कारण वरून हवा इकडची तिकडे गेली की सगळंच व्यर्थ. म्हणून मी मधला कुड पाडला आणि विटांची बिनदाराची भिंत घालायला गवंडी बोलावला. गवंडी आमच्याच भागातला, शहाणा माणूस. तो म्हणाला की एकेरी विटेची एवढी उंच भिंत नुसती उभी करू नका, मधे काँक्रीटचा पट्टा टाकू आणि दोन्ही टोकं सळईने खांबांना बांधून घेऊ. इथली जमीन कशी आहे ते त्याला मी सांगायची गरज नव्हती. सरकारी इंजिनीयरही पाड्यापाड्यांत फिरून हेच सांगून गेले होते. पण पट्टा नेमका तिथून जाणार होता जिथे मला चार स्पीकरसाठी मोठं भोक ठेवायचं होतं. भोक खाली घेतलं असतं तर ऐकण्यात फरक पडला असता. थोडासाच पडला असता, पण मला थोडासाही नको होता. गवंडी म्हणाला, तुमची मर्जी. त्याने तोंड पाडून भिंत बांधली, आणि मी त्याला वर ओळंबा नीट लावायला सांगत होतो.

डीजेचे स्पीकर या कामाचे नसतात. ते वरवर ठोकतात, खाली उतरत नाहीत. मी वापीहून गाडीत बसवायचे पंधरा इंची चार स्पीकर आणले, ढिल्या पडद्याचे. जाड प्लायचे दोन थर चिकटवून त्याची फळी केली, स्पीकर तिच्यात बसवले आणि ती फळी भिंतीच्या भोकात घट्ट आवळली. कौलांखाली जिथे भिंत संपते तिथे वाशांच्या मधे प्लायचे तुकडे, त्याभोवती रबर, त्यावर फटी बुजवायची लांबी. महिनाभर माझं हेच चाललं होतं. फटी तपासायला अगरबत्ती वापरतात. पुढून मी स्पीकरचा पडदा हाताने दाबायचो आणि बायने मागच्या बाजूने भिंतीच्या कडेकडेने पेटती अगरबत्ती धरायची. धूर हलला तर तिथे फट. शेवटच्या दिवशी मी पडदा दाबला आणि विचारलं, हलतोय का धूर? उत्तर नाही. पुन्हा ओरडून विचारलं. काही नाही. शेवटी बाहेरून वळसा घालून तिच्या दारात गेलो, तर ती अगरबत्ती धरून तशीच उभी होती आणि धूर सरळ वर चालला होता. तिला माझं काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. मला झालेला आनंद मला आजही आठवतो. आमचं कुडावरून बोलणं त्या दिवशी बंद झालं, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

आणि आवाज झाला, खरंच झाला. बोर्डीच्या बंगल्यात होता तसाच, किंबहुना त्याहून खोल, कारण खोली लहान. मी खुर्चीत बसायचो आणि जमीन माझ्या पायाखालून हळू श्वास घेतेय असं वाटायचं. असं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही, लग्नातही नाही.

पण खोल आवाज घरातलं सगळं खडखडवतो, आणि तो खडखडाट ऐकणाऱ्याला दाताखाली खडा यावा तसा लागतो. मग सुरू झाली खडखडाटाची शोधाशोध. हा आमच्या नादातला नेहमीचा उद्योग आहे. एकच सूर लावून ठेवायचा, घरभर हिंडायचं आणि जे वाजेल त्याला गप्प करायचं. मी कौलांखाली सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या सरकवल्या. दाराच्या कडीला कापड गुंडाळलं, देवाच्या तसबिरीमागे स्पंज चिकटवला. बायच्या खोलीतल्या मांडणीवर गोणपाट घातलं आणि ताटं-वाट्या त्यावर आडव्या ठेवायला लावल्या. ते तीन ग्लास तर रोज दहादा पडायचे. दोन दिवस ती उचलून परत रचत राहिली, तिसऱ्या दिवशी तिने ते पेटीत ठेवून दिले. मी म्हटलं, बरं केलंस. पंधरा दिवसांत घरात वाजेल असं काही शिल्लक राहिलं नाही. तेव्हा मला वाटलं, आता कुठे घर आवाजाच्या लायक झालं.

बायच्या खोलीत तोच आवाज माझ्याइतकाच पोचायचा, कारण स्पीकरची पाठ तिच्याकडे होती. तिला तो ऐकू यायचा नाही, पोटात यायचा, असं ती म्हणायची. फार झालं की ती लाटण्याने भिंतीवर तीन ठोके मारायची, की मी कमी करायचो, बहुतेक वेळा. एकदा ती पुढच्या खोलीत येऊन मी लावलेलं शेवटपर्यंत ऐकत बसली. उठताना म्हणाली की जमिनीतून फुकट येतं तेच ऐकायला तू एवढा खपलास होय. मी हसलो. तिने ते चेष्टेत म्हटलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

सुरुवातीला माझा आवाज सुरू झाला की ती बाहेर पळायची. अंगणात उभी राहायची, मग शेजारी कोणीच बाहेर नाही असं बघून ओशाळून आत यायची. आजूबाजूची दोन-तीन घरंही एक-दोनदा अशीच बाहेर आली. शेजारचे एक आजोबा काठी टेकत आले आणि म्हणाले, जमीन आम्हांला सुखानं जगू देत नाही, त्यात तुझी भर कशाला? मी त्यांना सांगितलं की आता बंद केलंय, नाही वाजवणार. मी बंद केलं नव्हतं. फक्त शेजारची माणसं कामावर गेली की वाजवायचो आणि आवाज जरा बेताचा ठेवायचो. बाहेर कोणाला कळायचं नाही. आत बायला कळायचंच.

हळूहळू तिने पळणं सोडलं. दिवसातून चारदा उगाच पळायला साठीच्या बाईचे पाय काही लोखंडाचे नसतात. त्या काळात एकदा खरोखरीचा लहानसा हादरा आला, आणि ती आत भाजी चिरत बसून राहिली. मी बाहेरून वळसा घालून गेलो तेव्हा तिने विचारलं, खरा होता? मी हो म्हटलं. तिचा चेहरा उतरला. पूर्वी भांडी वाजली की कळायचं, आता काहीच वाजत नाही, तिला खरं-खोटं ओळखता येत नाही, असं काहीसं ती म्हणाली. मग तिने माझ्या दंडाला धरलं.

"खरा आला तर तू मला हाक मार," ती म्हणाली. "तू हाक मारलीस की मी निघंन. नायतर तुझंच हाय असं समजून बसंन."

मी म्हटलं, मारीन. एवढ्याशा गोष्टीला काय, असंच मी ते म्हटलं. हाक भिंतीतून जाणार नव्हती, पण बाहेर येऊन घराला वळसा घातला की तिचं मागचं दार, जेमतेम पंधरा पावलं. यापेक्षा सोपं काम तिने मला कधी सांगितलं नसेल.

भात झोडून झालं होतं आणि सकाळी गारवा पडायला लागला होता, तेव्हाची गोष्ट. दुकान उशिरा उघडायचं म्हणून मी घरीच होतो. यंत्र बंद होतं. ॲम्प्लिफायर उघडा करून मी मांडीवर घेतला होता आणि एक सुटलेली वायर डाग देऊन जोडत होतो. जमिनीतून धडाम्‌ असा आवाज आला, नेहमीपेक्षा जवळून, आणि खुर्ची सरकली. माझ्या हातातली डागणी कुठे पडली ते मला माहीत नाही. मी अंगणात होतो. शेजारची बाई शेणाने भरलेले हात तसेच घेऊन धावत आली. आजोबा त्यांच्या ओट्यावरून उतरत होते. चार घरांची माणसं आपापल्या अंगणात उभी होती आणि हादरा थांबला होता.

तेव्हा घरातून भिंतीवर तीन ठोके ऐकू आले. लाटण्याचे.

बाय मला आवाज कमी करायला सांगत होती.

ते ठोके मी एकट्यानेच ओळखले. शेजारणीने फक्त आवाज ऐकला आणि इकडेतिकडे पाहून विचारलं, "बाय कुठं हाय?"

"येते," मी म्हटलं.

का म्हटलं, हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की आता त्याचा अर्थच उरलेला नाही. घराच्या मागे जायचं म्हणजे भिंतीला लागून जायचं, आणि माझे पाय त्या भिंतीपाशी जायला तयार नव्हते, हे खरं आहे. पण हाक मारायला पाय लागत नाहीत. तिथूनच जोरात ओरडलो असतो तरी मागच्या उघड्या दारातून हाक तिच्यापर्यंत कदाचित पोचली असती. आजोबा समोर उभे होते. ओरडून सांगायचं काय, तर बाय, हा माझा नाही, हा खरा आहे. म्हणजे मी अजून वाजवतो हे सगळ्यांना कळलं असतं. भीतीने गप्प राहिलो की लाजेने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. भीतीने असेल तर बरं, असं मी स्वतःला सांगत असतो. पुन्हा तीन ठोके आले, आधीपेक्षा जोरात. मी ऐकले. मी तिथेच उभा राहिलो.

दुसरा हादरा पहिल्यापेक्षा मोठा होता. मी भिंत पडताना पाहिली नाही, ती आत होती. आधी कौलं खाली आली आणि मग एक जड, बसका आवाज आला आणि दोन्ही दारांतून धूळ बाहेर पडली. पाड्यातली कुडाची घरं जागच्या जागी डुलून पुन्हा उभी राहिली. पाड्यात पडलेली भिंत एकच होती.

माणसांनी विटा हातांनी उपसल्या. ती भिंतीच्या अगदी लगत सापडली, कारण ती ठोकायला तिथे उभी होती. स्पीकरची फळी तिच्या कमरेवर होती आणि ती उचलायला चार जण लागले. बाय शुद्धीवर होती. ती ओरडत नव्हती, फक्त मला शोधत होती, आणि मी दिसल्यावर म्हणाली, "तू ठीक हायस ना रे?" मी हो म्हटलं. ज्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली त्यांच्यापैकीच एका डीजेवाल्याने टेम्पो आणला, आतली मोठी खोकी भराभरा रस्त्यावर उतरवली आणि तिला वापीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोनदा शस्त्रक्रिया केली. कमरेखाली तिला काही कळत नाही, आणि आता कळणारही नाही.

दवाखान्यात तिसऱ्या की चौथ्या दिवशी शेजारीण भेटायला आली. ती चांगली बाई आहे, मनात काही नसताना विचारते. तिने बायला विचारलं की एवढा पहिला हादरा बसला, आम्ही सगळी बाहेर, तू कशी आत राहिलीस? आणि भाऊ बाहेर होता, त्याने हाक नाही मारली? मी पलंगाच्या पायथ्याशी बसलो होतो. मला वाटलं, आता सगळं उघड होईल आणि एकदाचं संपेल. खरं तर मला ते हवंच होतं.

"मारली ना," बाय म्हणाली. "मलाच ऐकू नाय आली. ती भिंत तशीच होती."

शेजारणीने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तिला ते पटलं. कोणालाही पटलं असतं. ती भिंत आवाज अडवायलाच बांधली होती, हे मीच सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरलो होतो. पंचनामा करायला तलाठी आले तेव्हाही तेच लिहिलं गेलं, की भावाने हाक मारूनही आवाज न पोचल्याने ती आत राहिली. त्यांनी मला वाचून दाखवलं. मी सही केली.

आता बाय पुढच्या खोलीत असते, जिथे माझी खुर्ची होती तिथे तिची खाट आहे. पडलेल्या जागी मी पुन्हा कुड घातला आहे, डोक्याएवढा, वर मोकळा. चारपैकी दोन स्पीकर धड निघाले, ते मागे ताडपत्रीखाली पडून आहेत. मी तिला कुशीवर वळवतो, पुसून घेतो, भाकरी करतो. भाकरी मला अजून गोल जमत नाही आणि ती त्यावर बोलायची सोडत नाही. जमीन अजून हादरते. हादरली की मी बाहेर पळत नाही, तिच्या खाटेशी बसून राहतो. ती मला जा म्हणते, मी जात नाही. यात मोठेपणा काही नाही.

पाड्यात कोणी ना कोणी तिला भेटायला येतच असतं, आणि प्रत्येक नवं माणूस तोच प्रश्न विचारतं. बाय तेच उत्तर देते. सुरुवातीला तिच्या सांगण्यात मी एक हाक मारली होती. पावसाळा येईपर्यंत दोन झाल्या. परवा तिच्या सासरची दूरची नणंद आली, तिला बायने सांगितलं की मी हाका मारून मारून घसा बसवला होता, आणि आत शिरायला निघालो होतो तर लोकांनी धरून ठेवलं. नणंदेने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी आत जाऊन चुलीपुढे बसलो आणि नणंदेला बस पकडून देईपर्यंत पुन्हा तोंड दाखवलं नाही.

परत आलो तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. आता बोलायलाच हवं असं मला वाटलं. वर्ष होत आलं होतं आणि या गोष्टीवर आम्ही दोघं एकमेकांशी एक अक्षर बोललो नव्हतो. मी खाटेजवळ खाली बसलो. म्हटलं, बाय, तुझे ठोके मला ऐकू आले होते. दोन्ही वेळा. मी हाक मारलीच नाही.

ती छपराकडे बघत होती. मला वाटलं ती रडेल, नाहीतर माझ्या डोक्यावर हात ठेवेल, लहानपणी ठेवायची तसा. तिने त्यातलं काही केलं नाही.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "पण तू हाक मारली होतीस असंच मी सांगणार. नायतर लोकांना काय सांगू, कोणाच्या भरवशावर मी आत बसून होते?"